दोन गल्ल्यांचं संशोधन

उषाबाईंची पहिली चूक चहाची होती.

त्या जुन्या जालन्यातल्या कापड दुकानदाराच्या लेक. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, दुसरा तागा उलगडायचा, हे घरीच शिकलेल्या. टेंभुर्णीजवळच्या एका गावात त्या चौथीला शिकवत. आठवडी बाजाराच्या दिवशी निम्मा वर्ग रिकामा असे. १९९६ साली, शिक्षकाने वर्गातल्याच अडचणीवर करायच्या कृतिसंशोधनाला त्यांनी हाच प्रश्न घेतला आणि घरोघरी विचारलं. आया दुपारी बाजारात जात. धाकटी भावंडं मोठ्या मुलीच्या गळ्यात पडत. उपाय सोपा होता: त्या दिवशी शाळा सकाळी भरवावी. ग्राम शिक्षण समितीने हो म्हणायला हवं होतं.

पण बाईंची भाड्याची खोली सर्जेराव पाटलांच्या गल्लीत. त्यांनी तिथलीच घरं विचारली आणि चहाही तिथल्याच हॉटेलात घेतला. गावात दोन पार्ट्या, दोन हॉटेलं. ज्याचा चहा त्याची पार्टी. समितीत दुसऱ्या पार्टीचे रायभान उठले.

"हे सर्जेरावाचं संशोधन हाय. आमाला लागू न्हाई."

"पोरं घरी राहतात त्यात पार्टी कुठली, रायभानभाऊ?"

"आमच्या गल्लीत कवा आल्त्या तुमी?"

"ह्यो आंघोळीच्या पाण्यालाबी इरोध करंल," सर्जेराव म्हणाले. ठराव लटकला.

बाई खोलीवर येईपर्यंत चिडलेल्या होत्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की माणूस भांडायला उठला होता, पण आक्षेप खरा होता. अर्ध्या गावाला विचारून त्या सगळ्या गावाबद्दल बोलल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या थेट रायभानांच्या घरी गेल्या. त्यांच्या बायकोने, बायनाबाईंनी, चहा ठेवला.

"बाजाराला मी अन सून जातो. लेकराला नात बघती. मंग आन कोन बघंल? हे?" त्यांनी नवऱ्याकडे बोट दाखवलं. रायभान बशीतला चहा फुंकत राहिले.

त्या गल्लीतही घरोघर तेच उत्तर मिळालं. पुढच्या बैठकीत रायभानच आधी उठले.

"आमच्या गल्लीचं संशोधन बिलकुल पक्कं हाय. शाळा सकाळचीच पायजे!"

"ते आमीच आधी म्हणलो व्हतो!"

"तुमचं कच्चं व्हतं, पाटील."

ठराव एकमताने मंजूर झाला. भांडण चालूच राहिलं.

पहिल्या बाजाराच्या सकाळी चौथीचा वर्ग भरला. रायभानांची नात पुढच्याच ओळीत होती. दुपारी बाजाराला निघालेल्या बाईंना दोन्ही हॉटेलांतून हाका आल्या. त्यांनी दोन्हीकडे अर्धा-अर्धा कप घेतला.

"खरं सांगा बाई, कोन्हाचा चांगला?" रायभानांनी विचारलं.

"इतक्यात कसं सांगू?" बाई म्हणाल्या. "पुढच्या बाजाराला परत पिऊन बघते."