ओबेदचे नाव

शब्दांची मुळे शोधण्याचा नाद ज्याला आहे, त्याने प्रशांत महासागरातल्या आमच्या नॉरफोक बेटावर जरा जपून राहावे. अन्यत्र मूळ शोधीत गेले म्हणजे एखादा धातू, एखादी लोपलेली भाषा, फार तर एखादा विस्मृत व्यापार हाती लागतो. येथे शोधीत गेले की कुंपणापलीकडचा शेजारीच समोर उभा राहतो, आणि तो बहुधा कालच आपल्याला रताळी देऊन गेलेला असतो. माणसाचा एखादा गुण अथवा खोड लोकांच्या ध्यानी भरली की त्याच्या नावाचेच क्रियापद करण्याची येथील रीत आहे. कोणी काकू क्षुल्लक कारणाने हंबरडा फोडीत असे. तिच्या पश्चात चार पिढ्या तिच्या नावाने रडत आल्या आहेत. कोणा आजोबांनी पाहुण्यांना पाणचट रस्सा वाढला. त्यांचे नाव अद्याप प्रत्येक पातळ रश्श्यावर तरंगते. ज्यांची नावे अशी घेतली गेली, त्यांची नातवंडे पंगतीत बसूनच हसतात.

लेस्टर ज्या घरात वाढला, त्या घराच्या वाट्याला आलेला शब्द मात्र हसण्याजोगा नव्हता. 'ओबेद करणे' म्हणजे ऐन वेळी हात सोडणे. मुलाच्या हातून दुधाचे भांडे निसटू लागले की आई ओरडते, "ओबेद करू नकोस!" शिडी धरणारा इकडेतिकडे पाहू लागला की वर चढलेला म्हणतो, "ओबेद करशील, बघ हं!" लग्न ठरवून माघार घेणाऱ्यालाही तोच शब्द लागतो. आणि ओबेद हे लेस्टरच्या आजोबांचे नाव.

आमच्या बेटाला बंदर नाही. जहाज दूर उभे राहते, माल होड्यांतून येतो, आणि होडी लाटेवर हेलकावत असता धक्क्यावरचा एक माणूस तिच्या नाळेचा, म्हणजे पुढल्या टोकाचा, दोर धरून तिला खडकापासून राखतो. लेस्टरच्या जन्माच्या कितीतरी आधी, कॅस्केडच्या धक्क्यावर, एका मोठ्या लाटेपुढे ओबेदच्या हातून तो दोर सुटला. होडी खडकावर आपटली आणि गिल्बर्ट नावाचा तरुण तिच्याखाली चिरडून गेला. दोर ओला होता असे कोणी म्हणत, ओबेद भ्याला असेही म्हणत. खुद्द ओबेद त्याविषयी कधीच काही बोलला नाही.

समाज ज्याला सर्वाधिक भितो, त्यालाच तो स्वतःचा शब्द देतो. चोरीला आमच्या बेटभाषेत बाहेरून आलेला शब्द पुरतो. कुलूप न लावणाऱ्या लोकांना त्याहून अधिक गरज भासली नसावी. परंतु दोर सोडण्याला घरचा शब्द हवा होता, आणि तो एका माणसाला सोलून काढला गेला. पुढे लोक त्या माणसाशी सभ्यतेने वागू लागले, आणि त्या सभ्यतेनेच त्याचे उरलेसुरले नावही गेले. तोंडावर 'ओबेद' म्हणणे शिवीसारखे वाटे, म्हणून कोणी त्याला 'काका' म्हणे, कोणी 'अहो'. घरात बायकोसुद्धा 'ऐकलंत का' म्हणूनच बोलावी. बायबलमध्ये त्या नावाचा अर्थ सेवा करणारा असा आहे. रूढीपुढे व्युत्पत्तीचे काही चालत नाही, असे आपले जुने शब्दपंडित सांगत आले, ते मला येथे पटले.

लेस्टरला आजोबांनीच वाढवले. बाप युद्धावर गेला तो परतला नाही. लाकूड कसे फोडावे, केळीचा घड कधी उतरवावा, वारा फिरण्याआधी पाइनच्या झाडांचा आवाज कसा बदलतो, हे सारे त्याने त्या अबोल म्हाताऱ्याकडून घेतले. तो वयात आला तेव्हा धक्क्यावरच्या टोळीत भरती झाला, आणि टोळीच्या मुकादमाने काही न बोलता त्याला नाळेच्या दोरापाशी उभे केले. पहिल्याच दिवशी लाट उसळली तशी होडीतून कोणीतरी सवयीने ओरडले, "ए, ओबेद करू नको रे!" आणि सगळी होडी लाजेने गप्प झाली.

लेस्टर दोर आवळीत म्हणाला, "काका, घाबरू नका. तो शब्द माझ्याइतका या बेटावर कुणी ऐकला नसेल."

पुढे चाळीसहून अधिक वर्षे तो त्या जागी उभा राहिला. त्याच्या हातून दोर सुटला नाही हे सांगण्यात अर्थ नाही. इतरांच्याही हातून सुटला नव्हता. मात्र गाठींचे वेड त्याला असे जडले की त्याने बांधलेली वस्तू कापल्याविना सुटत नसे. आमच्या टेलिफोनच्या पुस्तकात माणसे टोपणनावानेच सापडतात. लेस्टरला शोधायचे तर 'गाठ्या' पाहावे लागते.

त्याच्या लेकीला, नोएलीनला, मुलगा झाला त्या वर्षीची ही हकीकत. मी तेव्हा त्याच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. नोएलीन बाळाला मांडीवर घेऊन बसली होती आणि लेस्टर कच्ची केळी किसून केलेल्या मड्ड्याचे गोळे उकळत्या पाण्यात सोडीत होता.

"बाबा, नाव सुचलंय म्हणालात. सांगा तरी."

"ओबेद."

नोएलीन दचकून खाली पाहू लागली. "काय पडलं?"

"काही पडलं नाही. नाव सांगतोय."

तिने बाळाला मांडीवर नीट घेतले. मग म्हणाली, "पोरं चिडवतील. चिडवू देत, या बेटावर न चिडवता कोण मोठं झालंय? माझी हरकत नाही, बाबा. पण आयव्हा मावशी आहे. तिचे वडील गिल्बर्ट त्या दोरानं गेले. तिला विचारल्याशिवाय नाही. आणि ती नाही म्हणाली तर विषय संपला. मग तुम्ही हे नाव पुन्हा काढायचं नाही, कधीच."

"कधीच नाही," लेस्टर म्हणाला. त्याच्या हातातला गोळा चमच्यावरच थांबला होता.

मी विचारले, "लेस्टर, दुसरी इतकी नावे असता हाच अट्टाहास का?"

"मास्तर, त्यांच्याकडून बेटानं नाव घेतलं ते घेतलंच. थडग्याच्या दगडावर तेवढं कोरलंय, पण वाचून दाखवायला कुणी धजत नाही. मी गेलो की त्या नावाचा माणूस होता हेही जाईल. राहील नुसतं भांडं पडणं. माझ्या हयातीत एकदा तरी कुणी त्या नावानं घरात बोलवावं, एवढंच."

नोव्हेंबरच्या अखेरीस आमच्याकडे आभाराचा सण असतो. देवमाशांची शिकार करणाऱ्या अमेरिकन खलाशांनी तो आणला. त्यांच्या देशी तो सुगीचा असतो, आमच्या देशी त्या वेळी वसंत सरत असतो. परंतु आभार मानण्यास ऋतूची अडचण पडू नये, असे समजून आम्ही तो तसाच ठेवला. आदल्या दिवशी सकाळी देवळाच्या खांबांना मक्याची ताटे बांधायची, वेदीपाशी भोपळे, रताळी, केळी रचायची. आयव्हा मावशी पुढच्या बाकावर काठी टेकून बसते आणि सर्वांच्या चुका काढते. तो तिचा मान. वडील गेले तेव्हा ती आईच्या पोटात होती. आता चौऱ्याऐंशी वर्षांची झाली होती.

मी ताटे धरली होती, लेस्टर बांधीत होता.

"गाठ्या, खांब पळून जाणार आहे का?"

"वारा असतो, मावशी."

"देवळाच्या आत? गेल्या वर्षी तुझ्या गाठी सोडवताना पाद्रीबुवांचं नख गेलं. शेवटी कोयता आणला, कोयता! देवाच्या घरात!"

बाया हसल्या. लेस्टरही हसला, आणि हसता हसताच दोरी ठेवून तिच्यापुढे जमिनीवर बसला. त्याचे गुडघे वाजले.

"मावशी, एक विचारायचंय."

"बसलास त्यावरूनच कळलं. उधार कोंबडी मागायला कुणी गुडघे मोडत नाही."

"नातवाला आजोबांचं नाव ठेवावं म्हणतो. ओबेद. तू हो म्हटलंस तर. नाही म्हणालीस तर मी मनातूनही काढून टाकीन."

देवळातील हात थांबले. मावशीने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"तो शब्द कुणी काढला, ठाऊक आहे तुला?"

"सगळ्यांनीच."

"सगळ्यांनी नंतर. आधी माझ्या आईनं. मी चालायला शिकले होते नि कप सोडला हातातून. आईच्या तोंडून निघालं, 'ओबेद करू नकोस!' शेजारीण बसली होती, तिनं उचललं. आठवड्यात बेटभर झालं. आणि त्याच आठवड्यात आमच्या फाटकाशी लाकडं पडलेली होती. फोडलेली, रचलेली. दर शनिवारी असायची. तुझा आजोबा पहाटे ठेवून जायचा. मी लग्न होऊन गेले तरी ठेवत होता."

"मला ते माहीत आहे, मावशी. मी लहानपणी गाडी ढकलायचो."

"आई ती घ्यायची. मी मोठी झाल्यावर एकदा विचारलं, ज्याच्या नावानं दिवसभर खेकसतेस त्याची लाकडं कशी घेतेस गं? म्हणाली, 'मला रागवायचंही आहे आणि चूलही पेटवायची आहे. एवढंसं बेट. त्याला घालवून देऊ कुठं, पाण्यात? राग बोलण्यात टाकला म्हणून लाकडं हातात घेता येतात.'"

हे ऐकून माझ्या मनात जे आले ते आजही तसेच आहे. शब्द हा समाजाचा न्याय असतो असे मी शिकवीत असे. आमच्या बेटावर तो न्यायाहून वेगळे काही करीत आला होता. दोष शब्दात साठवून ठेवला गेला, म्हणून दोषी माणूस घरोघरी चालवून घेतला गेला. बेटावर वाटल्या जाणाऱ्या मासळीतला त्याचा वाटा एकाही रविवारी चुकला नाही, आणि त्याच्याच नातवाच्या हाती पुन्हा तो दोर देण्यात आला. ओबेदला त्यासाठी आपले नाव द्यावे लागले. ते मूल्य लहान नव्हते.

लेस्टर हलक्या आवाजात म्हणाला, "दर रविवारी वाटणीची मासळी यायची, तिच्यावरच मी वाढलो, मावशी. त्यात गिल्बर्टच्या भावांनी पकडलेलीही असायची. मी कुणाला दोष द्यायला नाही आलो. आभार मानूनच मागतोय."

"शब्द मी सोडणार नाही हं. माझ्या आईचा आहे तो. आणि कामाचा आहे. पोरं भांडी फोडायची थांबलेली नाहीत."

"शब्द राहू दे की. मी नाव मागतोय."

मावशीने काठी समोर रोवली. "उद्या उपासना झाल्यावर पोराला आण माझ्याकडे. आज मला विचारू नकोस. आणि ऊठ, तो खांब एका बाजूनं उघडा पडलाय."

दुसऱ्या दिवशी उपासनेत आमच्या बेटाचे जुने गीत झाले. आभाराचे पाठ झाले. लेस्टरचे ओठ हलत होते, पण तो गात होता असे मला वाटले नाही. बाहेर पाइनखालच्या बाकावर मावशी आधीच जाऊन बसली होती. देवळातली फळे विकायला काढली होती आणि लेस्टर एक भलामोठा भोपळा उचलून फाटकापाशी नेत होता. थांबण्याचे धैर्य त्याला नव्हते, असे मी समजलो. नोएलीनने बाळ मावशीच्या मांडीवर दिले.

मावशीने त्याचे टोपडे मागे सारून निरखून पाहिले. "कान तुमच्याच घरचे. बिचारा." मग ती सर्वांना उद्देशून म्हणाली, "याला या नावानं पहिली हाक मी मारणार. माझ्याआधी चेष्टेनं कुणी तोंड उघडलं तर काठी आहे."

नोएलीनने डोळ्यांना रुमाल लावला. मावशीने घसा खाकरला.

"ओबेद!"

ती हाक नव्हती, खेकसणे होते. आयुष्यभर तिच्या जिभेने तो शब्द त्याच सुरात उच्चारला होता. दुसरा सूर तिला ठाऊकच नव्हता. बाळ दचकून रडू लागले. मावशी ओशाळली. तिने पुन्हा प्रयत्न केला, या खेपेस इतक्या हळू की ते दफनभूमीत म्हटल्यासारखे झाले. तिचा चेहरा रडवेला झाला.

"जमत नाही गं पोरी. तोंडाला वळणच नाही."

नोएलीन रडता रडता म्हणाली, "मावशी, कोंबड्यांना बोलावता ना तिन्हीसांजेला, तशी मारा हाक."

मावशीची ती हाक अख्ख्या खोऱ्याला परिचित आहे. तिने मान वर केली, एक हात तोंडाशी नेला, आणि लांबलेल्या, चढत जाणाऱ्या, घरी बोलावणाऱ्या त्या सुरात ती ओरडली,

"ओ...बेऽऽद!"

मांडीवरचे मूल उत्तर देण्याच्या वयाचे नव्हते. फाटकापाशी लेस्टरने भोपळा गवतावर ठेवला आणि त्याच्या वतीने ओ दिली.