शमीमआपाचा हात

गाडीत बसल्यावर शमीमआपा लगेच किल्ली फिरवत नसे. आधी ओढणी खांद्यामागे नीट खोचायची, मग उजवा तळवा स्टेअरिंगवर ठेवून ते किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे हलवून बघायची. मागे बसलेल्या बायकांना घाई असे. कुणाला दवाखाना गाठायचा असे, कुणाला लग्नघर. त्यातल्या कुणी म्हणालंच, की आपा, निघा ना आता, तर आपा मागे न वळता म्हणायची, "थांब वं. आज तिचं मन कसं हाय, पाहू दे."

मी आर्णीच्या कॉलेजात मराठी शिकवायला आले, तेव्हा तिच्या घराची वरची खोली घेतली होती. पहिल्या दिवशी बसस्टँडवर मला न्यायला तीच आली. घरमालकीण ड्रायव्हर घेऊन आली असेल अशा समजुतीनं मी मागे बसले आणि ड्रायव्हरची वाट बघू लागले. आपानं माझी बॅग डिकीत टाकली, पुढे येऊन बसली आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं. "कोणाची वाट पाहून राह्यल्या, मॅडम?" ती हसली नाही. शेजारच्या सीटवरची पिशवी उचलून तिनं मागे ठेवली आणि म्हणाली, "पुढं या. मागून रस्ता समजत नाई."

आपाचे वडील गावात जीपचे मिस्त्री होते. मुलगा नव्हता, म्हणून दुरुस्त केलेल्या जीपची फेरी मारायला ते मुलीला शेजारी बसवून न्यायचे आणि गावाबाहेर गेलं की स्टेअरिंग तिच्या हातात द्यायचे. लग्न झालं ते शिंप्याशी. त्या बिचाऱ्याला गाडी कधी जमली नाही. आपा चालवायची आणि तो शेजारी बसून मांडीवर डबा सांभाळायचा. लोक नावं ठेवत, त्यावर तो म्हणे, मी कपडे शिवतो, ती रस्ता शिवते. तो गेल्यावर आपानं जुनी गाडी भाड्यानं चालवायला काढली, फक्त बायकांसाठी. मुलगी लग्न होऊन आदिलाबादला गेली होती. घरात आपा एकटी, आणि अंगणात टिनाच्या सावलीत ती गाडी.

त्या जुन्या गाडीचं स्टेअरिंग दगडासारखं जड होतं. शिवाय ते चांगलं वीतभर फिरवल्यावर चाकांना खबर लागायची. आपाचे दंड पैलवानासारखे झाले होते. शेवटी नागपूरच्या शोरूममध्ये कामाला असलेल्या तिच्या भाच्यानं, इरफाननं, तिला दुसरी गाडी मिळवून दिली. गिऱ्हाइकांना फिरवून दाखवायला वापरलेली, पण नव्यासारखी. इरफान ती घेऊन आला त्या रविवारी मोहल्ल्यातली निम्मी माणसं अंगणात जमली. त्यानं स्टेअरिंगजवळचं एक बटण दाखवलं. त्यावर स्टेअरिंग हलकं, मधलं आणि जड असं तीन प्रकारे करता येत होतं. दुसरं बटण घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेलं. ते इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोलचं.

मला वाटलं होतं, आपा नाक मुरडेल. जुनी माणसं मुरडतात. पण ती लहान मुलीसारखी हरखली. इरफानला घेऊन ती थेट कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या मैदानावर गेली, आणि मलाही बरोबर घेतलं. पावसानं मैदान निसरडं झालेलं. आपा प्रत्येक बटण दाबून, गाडी फिरवून बघत होती. हलक्या स्टेअरिंगवर गाडी लवकर वळते असं तिचं मत झालं. इरफान म्हणाला, नाही खाला, गाडी तेवढीच वळते, फक्त तुझ्या हाताला जोर कमी लागतो. तिला पटेना. तिनं तीच वळणं पुन्हा घेतली, जमिनीवरच्या चाकोऱ्या उतरून पाहिल्या, आणि मान डोलावली. "खरं हाय तुहं. हात हलका झाला म्हणून रस्ता हलका होत नाई." तेव्हापासून हे वाक्य तिच्या तोंडी बसलं. कॉलेजात माझी नोकरी कायम झाली, तेव्हा पेढा तोंडात टाकतानासुद्धा तिनं मला तेच ऐकवलं.

दुसऱ्या बटणाचं कोडं तिनं इरफानकडून खोदून खोदून समजून घेतलं. गाडीला स्टेअरिंगवरून कळतं, की बाईला कुठं जायचंय. आणि गाडी खरंच कुठं चाललीय, तेही कळतं. दोन्हींचा मेळ बसेना झाला, की ती आपणहून एकाच चाकाचा ब्रेक लावते आणि घसरणारी गाडी पुन्हा वाटेवर आणते. रात्रीच्या जेवणाच्या वेळी आपा मला म्हणाली, "म्हणजे पाह्य, हात सांगन तेच ते ऐकते. हातच भेला, तं ते बिचारं काय करन?"

त्याच साली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याएवढी वाढली आणि बोंडात गुलाबी अळी शिरली. जिकडे तिकडे फवारणी. पाठीवर पंप घेतलेली माणसं उंच झाडांच्या दाटीत शिरायची आणि औषध त्यांच्याच तोंडावर यायचं. कुणाला गरगरायचं, कुणाला दिसेनासं व्हायचं. यवतमाळच्या दवाखान्यात खाटा पुरेनात. आपाची गाडी बायकांची होती, ती त्या दिवसांत सगळ्यांची झाली.

एका दुपारी मीही तिच्याबरोबर गेले, रोग्याचं डोकं धरायला कुणीतरी हवं होतं म्हणून. जवळच्या खेड्यातला मजूर होता. तोंडातून लाळ, अंग घामानं भिजलेलं. त्याला मागे निजवलं आणि निघालो, तर गावाच्या तोंडाशीच काळ्या चिखलात चाकं रुतली. आपा ॲक्सिलरेटर दाबत होती आणि गाडी हुंकारतसुद्धा नव्हती. समोर पिवळा दिवा लुकलुकत होता. चाक फिरायला लागलं की गाडी स्वतःच जोर काढून घेत होती. आपानं घसरणाऱ्या गाडीचं ते बटण दाबून बंद केलं. चाकं गरागरा फिरली, चिखल काचेपर्यंत उडाला, आणि गाडी हिसका देऊन बाहेर आली. डांबरी लागताच तिनं बटण पुन्हा चालू केलं. "चिखलात तिचं नाई ऐकाचं," ती म्हणाली. "सडकेवर आपलं नाई ऐकाचं."

रोग्याची बायको सारखी म्हणत होती, जोरानं घ्या. आपा एका चालीनं चालवत राहिली. पुढे एका वळणावर ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली माती आणून टाकलेली, तिचा ओला लेप डांबरावर बसलेला, आणि त्यातच एक गाय आडवी आली. आपानं ब्रेक दाबला आणि स्टेअरिंग वळवलं. गाडीचं मागचं अंग सरकलं. पायाखालून करकर आवाज आला, कुणीतरी आतून लगाम खेचावा तशी गाडी थरथरली आणि सरळ झाली. आपाची नजर गाईकडे नव्हतीच. ती गाईच्या बाजूनं जो मोकळा रस्ता होता, तिकडे होती. मला पुढे शिकवताना तिनं हेच सांगितलं, की माणूस ज्याले भेते तिकडंच पाह्यते, अन् जिकडं पाह्यते तिकडंच जाते.

तो माणूस वाचला.

दिवाळीच्या आधी घाटंजीच्या वाटेवरच्या एका खेड्यातून, पुन्हा फवारणीच्याच रोग्यासाठी, फोन आला. मी कॉलेजात होते. संध्याकाळी परतले तेव्हा गाडीची चारही दारं उघडी होती आणि आपा मागची सीट धूत होती. मला बघून तिनं फडकं पिळलं आणि उंबऱ्यावर बसली. माणूस वाटेतच गेला होता, बायकोच्या मांडीवर. बायकोचं नाव सुनीता. आपानं हातातलं फडकं उलगडून पुन्हा पिळलं. मग म्हणाली, "गाडीनं काई चूक नाई केली. मीनं बी नाई केली. सडक बी रिकामी होती. मंग काहून गेला तो?"

मी चहा ठेवला. तो तसाच गार झाला.

नंतर तिनं सगळं सांगितलं. आपाला आर्णीहून तिथं पोचायलाच वेळ लागला होता. त्या गावात एका घरापुढे पिकअप गाडी उभी होती, चांगली धडधाकट. तिची किल्ली ओसरीतल्या खुंटीवर टांगलेली. पण गावात ती चालवता येणारे दोघंच, आणि ते दोघंही बाहेरगावी गेलेले. गावातल्या बायका किल्लीकडे बघत आपाची वाट पाहत होत्या.

त्यानंतर काही दिवस आपानं गाडी काढली नाही. मोहल्ल्यातल्या बायका येऊन परत जात. मग एका सकाळी तिनं मला विचारलं, सुट्टी हाय का? आम्ही सुनीताच्या गावी गेलो. सुनीता दाराशी तूर निवडत बसली होती. आपानं आधी तिच्या बरोबरीनं तूर निवडली, मग सांगितलं, की मी तुले गाडी शिकवाले आली. सुनीतानं मान वर केली नाही. ती शांतपणे म्हणाली, "आता शिकून काय करू? ज्याच्यासाठी पाह्यजे होती, तो तं गेला."

"त्याच्यासाठी नाई," आपा म्हणाली. "त्या खुंटीवरच्या किल्लीसाठी."

सुनीता त्या दिवशी आली नाही. आपा पुन्हा गेली, पुन्हा गेली. शेवटी एकदा सुनीता सूप बाजूला ठेवून उठली. पिकअपच्या मालकाला आपानं कसं पटवलं ते मला ठाऊक नाही. तिच्यासमोर नाही म्हणणं सोपं नव्हतं, एवढं खरं.

शिकवणी आपाच्याच गाडीवर चाले, गावाबाहेरच्या पडीक रानात. सुनीताच्या मागोमाग गावातल्या आणखी बायका आल्या, आणि मीही शिकून घेतलं. आपा स्टेअरिंग नेहमी जड प्रकारावर ठेवायची. माझे खांदे भरून येत. मी म्हटलं, आपा, हलकं करा की थोडं. ती म्हणाली, पिकअपले कुठं बटण हाय? सुनीताला मात्र ते जड स्टेअरिंग आवडायचं. पऱ्हाट्या उपटलेले हात तिचे. पहिल्यांदा गाडी घसरली तेव्हा तिनं डोळे मिटले आणि स्टेअरिंग सोडून दिलं. आपा रागावली नाही. तिनं तिचे दोन्ही हात उचलून परत जागेवर ठेवले आणि त्यांवर स्वतःचे हात ठेवून गाडी पुन्हा त्याच ओल्या जागेवर नेली.

पुढच्या पावसाळ्यात सुनीतानं गावातल्या एका अडलेल्या बाईला पिकअपमधून वेळेत घाटंजीला पोचवलं. मुलगी झाली. ही बातमी द्यायला सुनीता स्वतः पिकअप चालवत आर्णीला आली. आपानं तिला आत घेण्याआधी पिकअपभोवती एक फेरी मारली, टायर दाबून पाहिले, आणि मग तिला जवळ घेतलं. त्या दिवशी आपाला रडताना मी पाहिलं. मी तिच्याकडे बघितलं, हे तिला आवडलं नसावं.

मग आपाचे डोळे गेले. आधी सांजेला दिसेना, मग दिवसाही कडेचं दिसेना. डॉक्टर म्हणाले, हे आता परत येणार नाही. आपानं वाद घातला नाही. त्याच दिवशी तिनं गाडीची किल्ली सुनीताला दिली आणि म्हणाली, गाडी उभी राह्यली तं बिघडते. पुढे मुलीनं आग्रह धरला, आणि आपा आदिलाबादला जायला तयार झाली. पोचवायला सुनीता आणि मी निघालो. पांढरकवड्यापर्यंत आपा टायरांच्या आवाजावरून कोणतं वळण आलं ते सांगत होती. मग बोलणं थांबलं. मी मागे पाहिलं, तर ती खिडकीला डोकं टेकून गाढ झोपली होती. मी तिला चालत्या गाडीत झोपलेलं कधीच पाहिलं नव्हतं. सुनीतानं आरसा तिच्या चेहऱ्यावर स्थिर केला आणि गाडी इतकी सावकाश चालवली, की बैलगाडीवाल्यांनी आमच्याकडे वळून पाहिलं.

ती पुन्हा आर्णीला आली नाही. फोनवर बोलायची. पाणी पडलं का, सुनीता कुठं गेलती, घाटंजीची सडक झाली का. मी खोली बदलली नाही. अंगणात टिनाखाली रिकामी जागा होती. सकाळी जिना उतरताना माझं लक्ष आधी तिकडे जाई, आणि अजूनही जातं.

ती गेल्याचा निरोप भर उन्हाळ्यात आला. तासाभरात सुनीता मला न्यायला हजर. पैनगंगेच्या पुलाच्या अलीकडे सुनीतानं इंडिकेटर लावून गाडी सडकेच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं, आणि स्टेअरिंगवर डोकं ठेवून हमसून हमसून रडू लागली. माझाही बांध फुटला. बऱ्याच वेळानं तिनं बाटलीतल्या पाण्यानं तोंड धुतलं आणि पदरानं पुसलं.

"आपा म्हणे," ती म्हणाली, "रडाचं असन तं गाडी बाजूले घ्याची. डोळ्यांत पाणी असलं, की सडका दोन दिसतात."

मग तिनं मला पट्टा लावायला सांगितला, आरशात मागचा रस्ता नीट पाहिला, आणि आम्ही पूल ओलांडला.