बैठकीतलं एकोणीस

त्याला सगळे डिग्री म्हणायचे. शाळा सातवीतच सुटलेली, पण शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी कायम थर्मामीटर, म्हणून डिग्री. लोकांचे बॉयलर दुरुस्त करणं, गरम पाण्याचे पाइप आणि भिंतीकडेचे लोखंडी रेडिएटर नीट करणं हा त्याचा धंदा. कमीत कमी इंधनात थंडीची रात्र कशी काढावी हे त्याच्याइतकं कोणाला कळत नाही, असं लोक म्हणत. लोक विसरलेच तर तो स्वतः आठवण करून देई.

त्याचे नियम गिऱ्हाइकांना पाठ झाले होते. अंधार पडला की पडदे ओढा, पण पडद्यानं रेडिएटर झाकू नका. दाराखालच्या फटीला जुन्या चादरीची गुंडाळी लावा. रिकामी खोली तापवू नका. आणि बॉयलर कधी पेटायचा, कधी विझायचा हे ठरवणारी जी भिंतीवरची डबी असते, तो थर्मोस्टॅट, तो स्वयंपाकघराजवळ मुळीच लावू नका. शेगडीच्या उबेनं तो फसतो. त्याला वाटतं घर तापलं, तो बॉयलर बंद करतो, आणि मागच्या खोलीतलं माणूस कुडकुडत बसतं. म्हणून घरातली सगळ्यात गार खोली आधी शोधा, असं तो बोट नाचवून सांगायचा.

आणि त्याच्या स्वतःच्या घरात हा थर्मोस्टॅट कुठे होता म्हणता? बैठकीत, स्वयंपाकघराच्या दाराला लागून! नवा बॉयलर बसवला त्या दिवशी वायर तेवढ्यापर्यंतच पुरली. सध्या असू दे, पुढच्या आठवड्यात हलवू, असं तो बायकोला म्हणाला. त्या आठवड्याला सहा वर्षं झाली. न्हाव्याचेच केस वाढलेले असतात, तसं ते.

मागची खोली ताईची. ताई त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा त्याला आणि धाकटीला तिनंच वाढवलं. त्या घरात बॉयलर नव्हता, एक शेगडी होती आणि तीही संध्याकाळपुरती. थंडीत ताई त्याचे शाळेचे मोजे आणि हातमोजे रात्री आपल्या पांघरुणात, पोटाशी घेऊन झोपायची. सकाळी ते गरम असायचे. धाकटीच्या मोज्यांची पाळी असली की हा रुसायचा. पुढे ताईनं लग्न केलं नाही, नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यावर त्यानं तिला हट्टानं आपल्या घरी आणलं. माया होती त्याची, खोटं कशाला बोला. पण मायेला मापानं चालायची सवय लागली होती.

पहिल्याच हिवाळ्यात त्याच्या लक्षात आलं की ताई रेडिएटरमध्ये गरम पाणी सोडणारा कॉक रोज रात्री पूर्ण उघडते. त्यानं तो पावच उघडा ठेवला, ताईनं पुन्हा पूर्ण उघडला. तिसऱ्या दिवशी त्यानं कॉकची मूठच काढून घेतली. आत नुसती लोखंडी दांडी राहिली, पान्याशिवाय न फिरणारी. ऐकत नाहीत अशा गिऱ्हाइकांकडे तो हेच करायचा. ताई म्हणाली, अरे, खोली गार पडते रे. तेव्हा यानं काय करावं? तिचा हात धरून तिला बैठकीत आणलं आणि भिंतीवरची डबी दाखवली.

"बघ ताई, एकोणीस. काटा खोटं बोलत नाही. वय झालं की थंडी जास्त वाजते, एवढंच."

ताई त्या आकड्याकडे बघत राहिली आणि बरं म्हणाली. परत तो विषय तिनं काढला नाही.

त्यानंतर ती रोज झोपायच्या आधी इस्त्री करू लागली. तो चिडवायचा, म्हातारपणी कुठे मिरवायला निघालीस, रोजची कडक इस्त्री लागते ती? तीही हसायची. दोन हिवाळे असेच गेले. तिसऱ्या हिवाळ्याच्या ऐन मध्यावर ती म्हणाली की धाकटीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, मदतीला जाऊन येते. ती गेली. धाकटीचा गुडघा बरा झाला, धाकटी जिने चढू लागली, तरी ताई काही परत आली नाही. त्यानं मनाची समजूत घातली की बहिणी बहिणींचं जमतं, आपण मध्ये कशाला पडा. खोली रिकामी झाली म्हणून त्यानं तिथला रेडिएटर पाव होता तोही बंद केला.

पुढच्या थंडीत त्याला खोकला झाला. रात्रभराची ढास ऐकून बायको वैतागली आणि म्हणाली, चार दिवस मागच्या खोलीत झोपा. त्यानं पान्यानं कॉक पाव फिरवला, ताईच्या वेळी होता तेवढाच, आणि आडवा झाला. दोन तासांनी नाक बधिर झाल्यानं जाग आली. सवयीनं हात खिशाकडे गेला. थर्मामीटर अकरा दाखवत होता. त्याला वाटलं बिघडलाय. तो उठून बैठकीत गेला. तिथे एकोणीस. परत आला, अकरा. रेडिएटरला हात लावला, तर वरचा अर्धा भाग गार दगड. पाइपाच्या टोकाची खोली, त्यात हवा अडकलेली. शिकाऊ कामगाराच्याही लक्षात आलं असतं.

मग त्यानं दिवा लावून खोली बघितली. पहिल्यांदाच बघितली म्हणा ना. खिडकीच्या फटींत वर्तमानपत्राच्या घड्या, अगदी निगुतीनं खोचलेल्या. गादीखाली वर्तमानपत्रांचा थर. गादीवरच्या जुन्या चादरीवर फिकट तपकिरी डाग, एका बाजूला टोक असलेले. ते डाग कसले हे कळायला त्याला थोडा वेळ लागला. त्यानं एका डागाच्या कडेनं बोट फिरवलं, आकार इस्त्रीचा होता. ताई कपड्यांना इस्त्री करत नव्हती. ती अंथरूण तापवून त्यात शिरत होती. आणि तो भिंतीपलीकडे हसत होता.

सकाळी त्यानं गिऱ्हाइकांना नाही म्हणून कळवलं. भिंत फोडून नवी वायर ओढली आणि थर्मोस्टॅट ताईच्या खोलीत लावला. रेडिएटरमधली हवा काढली. हत्यारांच्या पेटीच्या तळातून कॉकची मूठ शोधून काढली आणि जागेवर बसवली. दुसऱ्या दिवशी तो ताईला आणायला धाकटीकडे गेला.

धाकटीच्या घरी त्याचा एकही नियम पाळलेला नव्हता. रेडिएटर भरभरून चालू, वर खिडकी उघडी, पडदा रेडिएटरवर लोंबतोय. या वेळी त्यानं बोट नाचवलं नाही. ताई पातळ सुती कपड्यांत बसली होती, हातात पुस्तक. तिचे गाल इतके भरलेले त्यानं कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. त्यानं सगळं सांगितलं, अकरा डिग्री, अडकलेली हवा, इस्त्रीचे डाग.

"तू ओरडून का नाही सांगितलंस ताई? भांडायचंस ना माझ्याशी."

"सांगितलं होतं की. तू काटा दाखवलास," ताई म्हणाली. "मला खरंच वाटलं, माझंच काहीतरी बिघडलंय. इथे आल्यावर कळलं, मला थंडी वाजतच नाही."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्याला पाया तरी पडता आलं असतं. आता घर तुझ्या खोलीच्या मापानं चालतं, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. मूठही बसवली आहे, हवी तेवढी फिरव, चल.

ताईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "येईन रे," ती म्हणाली. "उन्हाळ्यात येईन."

मग ती धाकटीच्या मुलांविषयी बोलत राहिली. चहा झाला. मग तो उठला. दाराशी बूट चढवले आणि हातमोजे शोधू लागला, आल्या आल्या खुंटीवर ठेवले होते ते. ताई आतून घेऊन आली. तो आल्यापासून तिनं ते रेडिएटरवर ठेवले होते. त्यानं ते घातले आणि जिना उतरून रस्त्यावर आला. बसथांब्यापर्यंत ते गरम होते.