मी महिला गटात पहिली आले नव्हते

"ए, इकडे ये. हे ताट धर. विजेता येतोय."

माझ्या हातात ताट आलं. निरांजन, कुंकू, अक्षता. ज्या पोरीने ओवाळायचं होतं ती फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीत कुठे अडकली होती कोण जाणे. आयोजक सरांना समोर एक इथली पोर दिसली, तेवढं त्यांना पुरलं. मी धापा टाकत होते. टी-शर्ट पाठीला चिकटला होता. डाव्या अंगठ्याचं नख बुटात उचकटलं होतं. पन्नास किलोमीटर धावून मी नुकतीच त्या कमानीखालून आत आले होते. सगळ्यांच्या आधी.

मग तो आला. त्याच्या पुढे झेंडा लावलेली पायलटची मोटरसायकल. दोघांनी धावत जाऊन रिबन ताणली. तारपा वाजवणाऱ्याने गाल फुगवले. लोक ओरडले. माईकवरचा माणूस म्हणाला, "आपला विजेता." तो रिबन तोडून थेट माझ्यासमोर येऊन उभा राहिला, कारण ताट माझ्या हातात होतं.

मी त्याला कुंकू लावलं. ओवाळलं. अक्षता टाकल्या. हात आपोआप फिरला. भाऊबीजेला फिरतो, पाहुणा आला की फिरतो, साहेब आला की फिरतो. बाईच्या हाताला ते शिकवावं लागत नाही.

त्याने माझ्याकडे पाहिलं. ओळखलं. मग कॅमेऱ्याकडे पाहून हसला.

हे असं कसं झालं ते सांगते. मी तलासरीकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची. घरी भात आणि नागली, तीही पाऊस असेल तेवढीच. दहावीनंतर बोर्डीच्या एका वाडीत चिकू निवडायला लागले. मोठा एकीकडे, बारीक एकीकडे, डागी टोपलीत. सकाळची एसटी कधी यायची, कधी नाही. नाही आली की मी पळत निघायचे. कुणी शिकवलं नाही. उशीर झाला की मुकादम खाडा लावतो, तोच माझा कोच.

रस्त्यावर पळणारी पोर दिसली की लोक बोलतात. "हिच्या मागं कोण लागलंय?" असं विचारून दात काढतात. म्हणून मी ओढणी घ्यायचे, छातीवरून घट्ट गुंडाळून पाठीमागे गाठ. शर्यतीच्या दिवशीही तशीच घेतली. माझा नंबर टी-शर्टवर लावला होता, तो त्या ओढणीखाली गेला. मला कळलं नाही. कळलं असतं तरी मी ओढणी काढली नसती, त्या दिवशीपर्यंत तरी.

शर्यत बोर्डीच्या किनाऱ्यावरून सुटली. आत वळून आमच्या डोंगराकडच्या पाड्यांमधून वळसा, आणि परत किनाऱ्यावर. धावणारे बहुतेक मुंबई, ठाणे, सुरतेकडचे. एक छोटी शर्यतही होती; पन्नास किलोमीटरच्या मोठ्या शर्यतीत बायका आम्ही चौघीच. बाकीच्या तिघींना आयोजक 'मॅडम' म्हणत होते. मला 'ए'.

सुटल्या सुटल्या तो पुढे गेला. मी मुद्दाम सांगते, कारण मला खोटं बोलून मोठं व्हायचं नाही. तो उंच, पाय लांब, बूट भारी. पहिला तासभर मला त्याची पाठसुद्धा दिसली नाही. शंभर मीटरची शर्यत असती तर तो जिंकला असता, दहा किलोमीटरची असती तरी जिंकला असता. झेंडावाली मोटरसायकल त्याच्या पुढे चालली होती. जो पहिला, त्याच्या पुढे पायलट. असा त्यांचा रिवाज.

ऊन चढलं. चढ लागले. एकेक पुरुष मला भेटायला लागला. कुणी कमरेवर हात ठेवून चालतोय, कुणी झाडाखाली पोटरी चोळतोय. सकाळी हेच बाण सुटल्यासारखे गेले होते. मी सकाळी जशी पळत होते तशीच पळत होते. फार तर थोडी हळू.

तो शेवटच्या मोठ्या चढावर सापडला. गुडघ्यांवर हात, मान खाली. मोटरसायकलवाला बाजूला इंजिन चालू ठेवून उभा. मी जवळ गेले तेव्हा त्याला वाटलं मी गावातलीच कोणी वाटेने चालले आहे. म्हणाला, "अजून किती चढ आहे?"

"एकच. मग उतार. मीपण शर्यतीतच आहे."

त्याने वर पाहिलं. माझ्या मनगटाकडे पाहिलं. प्रत्येक वळणावर मनगटात घालायला रंगीत रबर देत होते, वळसा पुरा केल्याची खूण म्हणून. माझ्या हातात त्याच्याइतकेच रबर होते. मी पुढे निघाले.

मला वाटलं, मोटरसायकल आता माझ्या पुढे येईल. मी दोनदा वळून पाहिलं. ती त्याच्याजवळच थांबली होती. मोटरसायकलवाल्याला सकाळी एक माणूस दाखवून सांगितलं होतं, याच्यापुढे राहा. त्याच्या डोक्यात दुसरी गोष्ट शिरलीच नाही. बाई पुढे गेली तर ती पुढे गेली असं त्याला दिसलंच नाही.

म्हणून मी एकटी आले. पुढे झेंडा नाही, मागे गाडी नाही. कमानीजवळचे सगळे रस्त्याकडे डोळे लावून मोटरसायकलची वाट पाहत होते. आणि मी त्यांच्या डोळ्यांसमोरून आत गेले. एकजण म्हणाला, "छोट्या शर्यतीवाले त्या बाजूने, त्या बाजूने." मी बोलायला तोंड उघडलं तर तोंडातून हवाच आली. तेवढ्यात ताट.

ओवाळून झाल्यावर मी बाजूला येऊन वाळूत बसले. आई आली. ती सकाळपासून कमानीच्या टोकाला उभी होती, पाड्यावरच्या दोघी-तिघींबरोबर. तिला शर्यतीतलं काही कळत नाही. माझ्यासमोर उकिडवी बसली आणि विचारलं, "तो तुझ्या मागून आला ना?"

"हो."

"मंग तूच त्याला कशाला ओवाललास?"

पन्नास किलोमीटरमध्ये मला रडू आलं नव्हतं, ते तिथे आलं. लाज त्याची नाही वाटली. माझीच वाटली. मला कुणी धरून ओवाळायला लावलं नव्हतं. नुसतं सांगितलं होतं, आणि मी केलं होतं.

आमच्याकडे लग्न धवलेरी लावते. धवलेरी म्हणजे बाई. ती गाणं म्हणते तेव्हा लग्न लागतं, ती थांबली तर नवरा नवरीसकट मांडव थांबतो. तिला कुणी 'महिला गटातली भटजी' म्हणत नाही. हे सगळं मला जन्मापासून माहीत होतं. आणि तरी मी ताट धरलं.

मी उठले. ओढणीची गाठ सोडली. ओढणी आईच्या खांद्यावर टाकली. नंबर मोकळा झाला. टेबलापाशी गेले आणि आयोजक सरांना म्हणाले, "मी मोठ्या शर्यतीत होते. याच्या आधी आले."

ते हसले. चांगल्या घरातलं, समजूत घालणारं हसू. मग नंबर पाहिला आणि हसू गेलं. त्यांनी शेजारच्याला विचारलं, तो म्हणाला, "या मुलींना सगळ्या पाऊलवाटा माहीत असतात, सर."

म्हणजे चोर. आमच्याच डोंगरात, आमच्याच वाटांवर, मी चोर. मी मनगट त्यांच्या नाकासमोर धरलं. सगळे रबर होते, एकही कमी नाही. त्यांनी एकेक करून ओढून पाहिले. कातडी लाल झाली तरी पाहत राहिले. विजेत्याचे कुणी पाहिले नव्हते.

"बरं," सर म्हणाले, "म्हणजे तू महिला गटात पहिली. अभिनंदन."

"सगळ्यांत पहिली."

"अगं, गट वेगळे असतात. स्त्री आणि पुरुष यांची तुलना करायची नसते."

"मग विजेता एकच कसा?"

मी बोटाने दाखवलं. मागे बॅनर होता. एका बाजूला मोठ्या अक्षरांत 'विजेता', दुसऱ्या बाजूला बारीक अक्षरांत 'महिला प्रथम'. त्याच्यावर 'पुरुष प्रथम' कुठेच लिहिलं नव्हतं. पुरुष पुढे आला तर तो शर्यत जिंकतो. बाई पुढे आली तर ती बायकांत जिंकते. तुलना तर केलेलीच होती, आम्ही धावायच्या आधीच.

माईकवर एक डॉक्टर होते. ते मोठ्या मायेने सांगायला लागले की बायकांची सोसायची ताकद मोठी, लांब पल्ल्यात त्या पुरुषांच्या जवळ येतात, पण शेवटी निसर्गाने शरीरं वेगळी घडवलीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. असतील वेगळी. मी कुठे नाही म्हणते? मी त्याच्यापेक्षा जोरात धावले नाही. तो जेवढा मंदावला तेवढी मी मंदावले नाही. एवढंच झालं. पण लांब शर्यत म्हणजे दुसरं काय असतं? पहिल्या तासाचा विजेता तो होता. शर्यत पहिल्या तासाची नव्हती.

मी त्याच्याकडे वळले. तो खुर्चीत बसून नारळपाणी पीत होता. कपाळावर माझं कुंकू.

"तुम्ही सांगा. चढावर कोण पुढे गेलं?"

त्याने स्ट्रॉ तोंडातून काढली. आयोजकांकडे पाहिलं. म्हणाला, "आता आयोजक ठरवतील तसं."

तो वाईट माणूस नाही. त्याने मला शिवी दिली नाही, ढकललं नाही. त्याला फक्त खरं बोलायची गरज पडली नाही. अशा चांगल्या माणसांची मला आता जास्त चीड येते.

बक्षीस वाटताना माझं नाव पुकारलं. महिला गटात प्रथम. मिक्सर आणि साडी. मी वर गेले नाही. पुन्हा पुकारलं. मी खालूनच म्हणाले, "मी महिला गटात पहिली आले नाही." कुणीतरी शिट्टी मारली. कुणीतरी म्हणालं, माज आलाय. सरांनी साडीचं पाकीट टेबलावर परत ठेवलं आणि पुढचं नाव पुकारलं.

मोठा चषक त्याने उचलला. फोटो त्याचे आले. आम्ही दोघी एसटीने परतलो. पाड्यावर निम्म्या बायका मला वेडी म्हणाल्या. एक म्हणाली, "मिक्सर तरी आणायचास, चटणीला झाला असता." मला हसू आलं, पण ती थट्टा करत नव्हती.

बरेच महिने मी त्यावर डोकं फोडलं. मी एक बाई जिंकले म्हणून सगळ्या बाया सगळ्या पुरुषांपेक्षा भारी, असं मी म्हणत नाही. येत्या वर्षी एखादा तगडा पुरुष येईल, मला मागे टाकेल, मी त्याच्यासाठी टाळ्या वाजवीन. खऱ्या टाळ्या. पण मी त्याला मागे टाकलं तर? त्याचं काय करायचं हे अजून त्यांना ठरवता आलेलं नाही.

नाही, ठरवलं त्यांनी. या वर्षी निरोप आला. मोटरसायकल, रिबन सगळं तेच. फक्त बायकांना अर्धा तास आधी सोडणार. मी फोन करून कारण विचारलं. सर म्हणाले, "बेटा, तुमच्याच सोयीसाठी. म्हणजे मागच्यासारखा गोंधळ नको." मागच्या वर्षी 'ए' होते. या वर्षी 'बेटा' झाले. आणि गोंधळ म्हणजे मी.

अर्धा तास आधी सोडलं की कोण कुणाच्या पुढे ते दिसणार नाही. कुणाला ते बघायचंच नाही.

मी नाव दिलं आहे. बायकांना सोडतील तेव्हा मी निघणार नाही. तिथेच, रेषेच्या मागे, उभी राहणार. शिट्टी वाजवू देत, हाताला धरून ओढू देत, माईकवरून नाव घेऊन ओरडू देत. पुरुष येऊन माझ्या दोन्ही बाजूंना उभे राहतील. मग सुटेल तेव्हा सुटणार. बाद केलं तरी पुरे पन्नास किलोमीटर धावणार. मला त्यांच्या आधी नको, वेगळी नको, सोयीची नको. माझ्या पुढे जायचं असेल त्याने माझ्या शेजारून निघावं.