मामांचा हात

गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, पालमच्या शेळीबाजारात सौदा चालू असताना मामांनी दस्तीखालून हात काढून घेतला आणि ते होते तिथेच खाली बसले. समोरच्या व्यापाऱ्याचा हात अजून दस्तीखालीच होता.

"एका दमात तीनदा भाव वाढवता अन् वर रुसून बसता व्हय मामा?" तो म्हणाला.

मामांनी भाव वाढवला नव्हता. त्यांची बोटे थरथरत होती.

ज्यांनी शेळीबाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढे सांगायला हवे. इथला दलाल भाव तोंडाने बोलत नाही. खांद्यावरची दस्ती, म्हणजे तुमचा-आमचा मोठा रुमाल, तो दोघांच्या हातांवर टाकतो आणि खाली बोटांनी आकडा सांगतो. एक बोट दाबले की एक आकडा. पुन्हा दाबले की आणखी एक. आजूबाजूला पन्नास माणसे उभी असली तरी कळते फक्त त्या दोघांना. शेळीच्या मालकालाही दलाल सौदा ठरल्यावरच सांगतो. त्यामुळे थरथरणारे बोट हा या धंद्यात आजार ठरत नाही. ती बोली ठरते.

मामा पन्नाशीचे होते. तीस वर्षे शेळ्या-मेंढ्यांची दलाली केलेली. मी आमच्या पेपरसाठी दर आठवड्याला बाजारभाव लिहून पाठवायचो, त्यामुळे ओळख. नाव इथे लिहीत नाही. बाकीचे लिहायला त्यांनी हरकत घेतलेली नाही. बाजार त्यांना मामा म्हणायचा, ते मला 'पेपरवाले' म्हणायचे.

पहिल्यांदा मी वही काढून बोकडाचा भाव विचारला तेव्हा ते म्हणाले, "हात द्या."

"मामा, उद्या हे छापून येणार आहे."

"उद्याचं उद्या. आज हात द्या."

मी हात दिला. दस्ती पडली. छापून येणारा भाव मला तीन बोटे आणि एक अर्धे पेर एवढ्यात गुपचूप कळवण्यात आला. पुढची चार वर्षे हा प्रकार असाच चालला. अर्ध्या पेराचा अर्थ मला दुसऱ्या वर्षी समजला.

त्यांचा आजार त्या सकाळच्या दोन वर्षे आधीचा. एसटीत बसले की छाती धडधडायची, हाताला घाम सुटायचा, श्वास अपुरा पडायचा, आता जीव जातो असे वाटायचे. दहा-वीस मिनिटांत सगळे ओसरायचे. तेवढ्यात ते गाडीतून उतरलेले असायचे. तालुक्यातल्या बहुतेक फाट्यांवर ते असे एकदा तरी उतरले होते.

बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत ते छातीच्या पट्ट्या, म्हणजे ईसीजीचे कागद, घेऊन हिंडायचे. तीन गावांत, तीन डॉक्टरांकडे काढलेल्या. तिघांनीही सांगितले होते, हृदय चांगले आहे. कोणीही या बातमीने खूश झाला असता. मामा खचले.

"मशीनला सापडंना पेपरवाले. लय खोल असंल."

"नॉर्मल आहे म्हणजे आजार नाही, मामा."

"मंग मी काय सोंग करायलोय?"

या प्रश्नाचे उत्तर बाजाराकडे तयार होते. एक जण म्हणाला, करणी आहे, लिंबू उतरवा. एक म्हणाला, तंबाखू सोडा. दुसऱ्याने संध्याकाळी थोडी घ्यायला सांगितले. पोरीचे लग्न झाल्यावर सुटेल, असेही कोणी म्हणाले. पोरीचे लग्न झाले, सुटले नाही. "मन घट्ट करा," हे मी म्हणालो होतो. तुमच्यापैकीही कुणी कुणाला म्हणाले असेल. मामांनी मन घट्ट केले. पुढचा झटका शेळीचे दात तपासताना आला.

दस्तीखालून हात काढला त्या दिवसानंतर ते बाजारात आले नाहीत. चौथ्या आठवड्यात त्यांच्या घरून फोन आला. मामी बोलत होत्या.

"भाऊ, ह्यांच्या पिशवीत एक चिठ्ठी सापडली. तालुक्याच्या डॉक्टरनं दिलेली. पंधरा दिवस झाले, लपवून ठिवलीय. काय लिवलंय ते वाचून सांगा."

मी गेलो. चिठ्ठी परभणीच्या सरकारी दवाखान्यातल्या मनोविकार विभागासाठी होती. मामा ओट्यावर पाठ करून बसले होते.

"तुमी पण वाचली का?"

"वाचली."

"मी येडा हाय का?"

"नाही."

"मंग तितं काय काम माजं? एकदा का बाजाराला कळलं, की कोन हात देईल? येड्याच्या बोटावर कोन इश्वास ठिवतं?"

त्यांना मरणाची भीती होतीच. पण त्या दिवशी ओट्यावर बोलले ते सगळे हाताबद्दल. हात गेला तर धंदा गेला आणि धंद्याशिवाय त्यांना दुसरे काही येत नव्हते.

मामी आतून म्हणाल्या, "आता तरी कुटं कोन हात द्यायलंय?"

दोन दिवसांनी आम्ही परभणीला गेलो. मामांनी दस्ती तोंडाला गुंडाळली होती. डोळे तेवढे दिसत होते. त्या खोलीबाहेर साखळदंड बांधलेली माणसे असतील अशी त्यांची समजूत होती. बाकावर एक शाळामास्तर होते, वही घेऊन बसलेली एक कॉलेजची मुलगी, कडेवर बाळ असलेली एक बाई, आणि टोकाला एसटीचा कंडक्टर. नेमका तो मामांना ओळखणारा निघाला.

"मामा? इकडं कुटं?"

मामांनी दस्ती खाली केली. "हे पेपरवाले. जरा ह्यांचं डोकं बरं न्हाई. संगं आलोय."

कंडक्टरने माझ्याकडे कळवळून पाहिले. "व्हईल बरं साहेब. मी पण मेव्हण्यासाठी आलोय."

मेव्हणा आसपास नव्हता. मी पाऊण तास आजारी राहिलो. मग नर्सने मामांचे नाव पुकारले. मामा जागचे हलले नाहीत. तिने पुन्हा पुकारले. तिसऱ्यांदा ते उठले. कंडक्टरने वाट द्यायला पाय आत घेतले आणि तो खिडकीकडे पाहत राहिला.

डॉक्टर बाई तिशीच्या होत्या. त्यांनी पट्ट्या एकेक करून पाहिल्या. मामांना हे आवडले. इतक्या बारकाईने ती पिशवी कोणी उघडली नव्हती. झटका कधी येतो, किती वेळ राहतो, झोप, भूक, घरात आणखी कुणाला आहे का, सगळे विचारले. दोन्ही हात पुढे करायला सांगितले. थायरॉइडची तपासणी लिहून दिली.

"तुमची धडधड खरी आहे," त्या म्हणाल्या. "हृदयाला आजार नाही म्हणजे तुम्ही खोटं बोलता असं नाही. शरीरात धोक्याची घंटा असते. तुमची धोका नसताना वाजते. त्यावर उपाय आहे."

"गोळी?"

"गोळी, आणि दर वेळी थोडं बोलणं. एसटीत पुन्हा बसायचं, पण हळूहळू. श्वास कसा घ्यायचा तेही शिकवू."

"गोळीची सवय लागंल. जलमभर खावं लागंल."

"ही गोळी सवय लावणारी नाही. बहुतेकांना काही महिने लागते, मग आम्ही हळूहळू कमी करतो. तुम्ही मात्र मनानं बंद करायची नाही. आणि गुण यायला तीन-चार आठवडे लागतील. सुरुवातीला थोडं मळमळेल."

"बाजारात कुनाला कळंल?"

"तुम्ही सांगितलंत तर."

बाराव्या दिवशी मामांनी गोळी बंद केली. कारण त्यांच्या धंद्यातले होते. पडलेल्या शेळीला सुई दिली की ती दुसऱ्या दिवशी उभी राहते, नाहीतर जाते. बारा दिवसांत जे उठवत नाही ते औषध नव्हे, असा त्यांचा हिशेब. त्यानंतरच्या आठवड्यात सेलूकडच्या बाजाराला निघालेले असताना देवगाव फाट्यावर ते जीपमधून उतरले आणि टपरीच्या बाकावर दोन तास बसून राहिले. मला फोन केला.

"बाईंना काय सांगू? लाज वाटायली."

"जे झालं ते सांगा."

या वेळी ते एकटे गेले. बाई रागावल्या नाहीत, असे त्यांनी मला आश्चर्याने सांगितले. "म्हनल्या, लय लोकं असंच करत्यात. मी म्हनलं, समदे शेळीवालेच येत्यात का काय तुमच्याकडं?"

पौषात ते पालमच्या बाजारात आले. झटके कमी झाले होते. हात अजून पुरता थांबला नव्हता. मी त्या दिवशी तिथे होतो. परगावचा एक व्यापारी आला आणि त्याने रीतीप्रमाणे हात पुढे केला. मामांनी दस्ती खांद्यावरून काढली, घडी घातली आणि खिशात ठेवली.

"माजा हात हलतो," ते म्हणाले. "डोक्याच्या डॉक्टरची गोळी चालू हाय. बोटाचा भाव चुकंल. तोंडानं सांगतो."

आणि त्यांनी भाव मोठ्याने सांगितला.

आसपासचे बोलणे थांबले. शेळ्यांचे तेवढे चालू राहिले. दोन मालकांनी आपापली दावी सोडली आणि जनावरे दुसऱ्या दलालाकडे नेली. कोणी तरी म्हणाले, "मामा, लाऊडस्पीकर लावा की." लोक हसले. मामांच्या कानशिलावरून घाम उतरताना मला दिसत होता. ते उभे राहिले. मनातल्या मनात श्वास मोजत होते, हे त्यांनी नंतर सांगितले.

त्यांच्याकडे दोनच शेळ्या उरल्या. त्या आक्कांच्या. आक्का वाडीवरून चालत येणाऱ्या, सत्तरीच्या. त्यांनी दावे सोडले नव्हते.

"आक्का, तुमी बी न्या तिकडं," मामा म्हणाले. "मी वाईट वाटून घेनार न्हाई."

"काहून नेऊ?" आक्का म्हणाल्या. "तीस वर्सं बकरी माजी अन् भाव तुमच्या फडक्यात. आज माज्या कानानं ऐकला."

"मी गोळ्या खातो म्हनलं, ते ऐकलं का?"

"मी बी खाते. गुडघ्याच्या."

व्यापाऱ्याने थोडे कमी सांगितले. मामा काही बोलायच्या आत आक्का म्हणाल्या, "न्हाई." तो पुन्हा वर आला. सौदा तिघांत झाला. त्या बाजारात मी तसा सौदा पहिल्यांदाच पाहिला.

उन्हाळ्यात मामांचा हात थांबला. एसटीने ते परभणीपर्यंत एकटे जाऊ लागले. बाईंनी गोळी अजून चालू ठेवली होती. काही व्यापाऱ्यांशी ते पुन्हा बोटांनी बोलू लागले. आक्का किंवा त्यांच्यासारखे कोणी जवळ उभे असेल तर तोंडाने.

गेल्या बाजारी मामा नव्हते. त्यांच्या खुंट्याजवळ आक्का दोन शेळ्या घेऊन बसल्या होत्या. दुसऱ्या एका दलालाने त्यांना विचारले, "मामा कुटं गेले?"

"परभनीला. डोक्याच्या डॉक्टरकडं. आज त्यांची तारीख हाय."

"मंग मी इकून देतो की. आना इकडं."

"ऱ्हाऊ द्या. पुढल्या बाजारी येत्याल ते."

अकरा वाजता आणखी एकाने विचारले. त्यालाही आक्कांनी तेच सांगितले. साडेबाराला त्यांनी दावी सोडली आणि दोन्ही शेळ्या वाडीवर परत नेल्या.