रिकामी लिफ्ट वर जाते

माझा थोरला जावई लिफ्टचा मिस्त्री. गल्लीत त्याला सगळे 'खालीवर' म्हणायचे, तोही हसून ओ द्यायचा. पण लिफ्टमध्ये म्हणून कधी पाय ठेवायचा नाही. एकदा पाहुण्यांकडे सातव्या मजल्यावर जिन्याने धापा टाकत आला. मी म्हटलं, "काय जावईबापू, हलवायाला स्वतःची मिठाई चालत नाही का?"

"मामा, आत काय घातलंय ते त्याला ठाऊक असतं," तो म्हणाला.

मी मांडीवर थाप मारून हसलो. त्याच्या तोंडाला वास येत होता, पण विनोद चांगला होता.

पुढे पोरीने निर्वाणीचं सांगितलं. दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीला आज गेला तर ठीक, नाहीतर नातीला घेऊन ती कायमची माझ्याकडे. एकटा सोडला तर वाटेत गुत्ता लागतो, म्हणून सोबतीला मी. आमचे शाळेतले गुरुजीही पळपुट्या पोराशेजारी बडबड्याला बसवायचे. पळायला फुरसतच मिळत नसे.

पत्ता एवढाच की छापखान्याच्या मागची इमारत, वरचा मजला. पाटी नाही, कारण ही माणसं पाटी लावत नाहीत. मग विचारायचं तरी कसं? वह्यांच्या दुकानदाराला मी म्हटलं, "इथं एक बैठक असते."

"कसली?"

जावई आभाळाकडे बघतोय, मी चपलेकडे.

"ज्यांना सुधारायचं असतं, त्या माणसांची," मी म्हणालो.

त्याने बोट दाखवलं त्या हॉलमध्ये गेलो. गोलाकार खुर्च्या, मऊ बोलणारे एक गृहस्थ. "बसा, पहिल्यांदा सगळेच संकोचतात," म्हणाले. जावयाने डोळे पुसले. अर्धा चहा झाल्यावर कळलं की ते विमा विकतात. मला हसू आवरेना. एवढ्यात गृहस्थांनी विचारलं, "समजा, उद्या अचानक काही घडलं, तर जबाबदार कोण?" आणि जावयाचा कप बशीत खडखड वाजायला लागला. मला वाटलं, दारू नाही म्हणून हात कापतोय.

शेवटी छापखान्यामागे वळलो, आणि इमारत दिसताच जावई थबकला.

"मामा, परत जाऊ."

"का? तुमच्या बायकोला तोंड कोण दाखवणार, मी?"

"दुसरीकडे असेल बैठक. ही नसेल."

दारातल्या रखवालदाराने त्याला बघितलं आणि तो स्टुलावरून उठला. "या मिस्त्री, बरं झालं आलात. लिफ्ट परत आवाज करतेय. थांबते तीही मजल्याच्या खालीवर. वर ते खुर्च्यावाले रोज तक्रार करतात."

लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. आत पिवळा दिवा, आणि कुठूनतरी दात खाल्ल्यासारखा बारीक आवाज. आत एक बाई उभ्या, दोन्ही काखांत कुबड्या. आमच्याकडे एकदाच बघून त्यांनी ओळखलं. "बैठकीला ना? या आजोबा, जागा आहे. हे तुमचे?"

"जावई," मी अभिमानाने म्हणालो आणि एक पाय आत टाकला. जमीन किंचित खचल्यासारखी वाटली.

मागून माझी कॉलर ओढली गेली. आजवर जावयाने मला कधी हात लावला नव्हता.

"मामा, बाहेर या. ताई, तुम्हीपण. हळू, पण आत्ता."

बाई जाळीला धरून बाहेर आल्या. जावयाने दार लोटलं आणि जिन्याखालचा मोठा खटका ओढला. पिवळा दिवा गेला.

"काय झालं, मिस्त्री?" रखवालदार म्हणाला. "लाइटचा घोटाळा का?"

मला तेव्हाच दिसलं, की जावयाने 'हो' म्हटलं की सुटला. लिफ्ट बंद, माणसं वाचली, नोकरी शाबूत, आणि आम्ही दोघं घरी. कुबड्यावाल्या बाई त्याच्याकडे बघत होत्या. घाई नव्हती त्यांना.

"ब्रेकवर तेल उतरलंय," तो म्हणाला. "मागच्या फेरीला मी बघितलं होतं. पट्टी बदलायला पाहिजे होती. मी पिऊन आलो होतो. वर झाकण बसवलं आणि गेलो."

रखवालदार खिशातून फोन काढून बाहेर गेला. कोणाला लावला ते विचारायची गरज नव्हती, मिस्त्रीच्या साहेबालाच.

बाईंना जिना चढवत नव्हता. त्यांनी वर हाक मारली, तशी माणसं आपापली खुर्ची घेऊन उतरली आणि जिन्याच्या तोंडाशी गोल झाला. जावई बसला तो लिफ्टकडे पाठ करून. मला कुणीतरी हळूच विचारलं, "तुम्हीपण का, आजोबा?" मी म्हटलं, "मला फक्त बोलायचं व्यसन." एकजण हसला.

तेवढ्यात मागे कुरकुर झाली.

अंधारातली लिफ्ट हलत होती. वीज नाही, आत कुणी नाही, तरी जाळीपलीकडे तिचा तळ सावकाश वर चालला होता, कुणीतरी दोर हातात धरून ओढावा तसा. आम्ही बाकीचे सगळे माना वर करून बघत राहिलो. ती दिसेनाशी झाली. मग माथ्यावर धप्प आवाज झाला आणि जिन्यावर धूळ उतरली.

जावयाने मागे वळून बघितलं नाही.

"रिकामी असली की वर जाते," तो म्हणाला. "ब्रेक धरत नाही, मग दोराच्या दुसऱ्या टोकाचं वजन तिला ओढतं. माणसं भरलेली असली की..."

बाहेर रखवालदाराचा आवाज येत होता, "हो साहेब, इथंच बसलाय."

बाईंनी कुबडी भिंतीला टेकवली. "बसून राहा," त्या म्हणाल्या. "साहेब येईपर्यंत वेळ आहे. पहिला घोट कधी घेतला, तिथून सांगा."