डॉक्टरसाहेबांचे सरकारी जंतू

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. दवाखान्यात तर ते रिकाम्या बाटल्यांसारखे साठतात. आज फेकू, उद्या फेकू म्हणून बाजूला ठेवाव्यात आणि एक दिवस बघावं तर अख्खं कपाट भरलेलं! निजामाच्या राज्यात मी सिरसाळ्याजवळच्या एका खेड्यात सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो, त्यामुळे माझं कपाट अजून रिकामं झालेलं नाही. कुणाच्याही लग्नात पंगत बसली की एखादा म्हणतोच, "पंत, ते जंतूंचं सांगा!" मग माझ्या ताटातली जिलबी गार होते.

आधी माणसं सांगतो. दवाखान्यात आम्ही चौघं. डॉक्टर कादरसाहेब हैदराबादचे, भर उन्हाळ्यातसुद्धा शेरवानीची सगळी बटणं लावून बसणारे. महबूबभाई चपरासी. गंगामावशी रोग्यांचा स्वयंपाक करायची आणि दवाखान्याच्या शेळ्या सांभाळायची. चौथा मी. कादरसाहेब यायच्या आधी कित्येक वर्षं डॉक्टरची खुर्ची रिकामीच होती. लोक मलाच डॉक्टर समजून नाडी पुढे करायचे आणि घाम मला फुटायचा! म्हणून साहेब आले त्या दिवशी सगळ्यात जास्त बरा मी झालो.

\*

साहेब आले त्याच उन्हाळ्यात आसपास पटकीची साथ आली. साहेबांनी दवंडी पिटवली. पाण्यात जंतू असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत, ते माणूस मारतात, म्हणून सगळं उकळून घ्या! पारावर, चावडीवर, बाजारात, जिथं चार माणसं दिसतील तिथं साहेब एकच सांगायचे, "उकळा!"

गाव आधी हसलं आणि मग घाबरलं. घाबरल्यावर मात्र असं उकळायला लागलं की बोलता सोय नाही. गंगामावशी सगळ्यांच्या पुढे. पाणी उकळलं, रोग्यांची भांडी उकळली, एकदा तर ताक उकळलं. ते फाटलं तेव्हा म्हणाली, "बघा, किती जंतू हुते ते!"

एक दिवस तिनं माझा थर्मामीटर उकळत्या पाण्यात टाकला. टण्णकन आवाज झाला आणि काचेचे तुकडे उडाले. मी धावत गेलो. मावशी दोन पावलं मागं सरून छातीवर हात ठेवून उभी होती.

"कंपोंडर, ऐकलं का? केवढा मोठा जंतू हुता!"

\*

पुढं साथ गेली. साहेब रजा काढून मुंबईला एका जुन्या स्नेह्याकडे गेले आणि परत आले ते छातीशी हात धरून. टांग्यातून उतरले तरी हात काढेनात. गावचे आबा पाटील स्वागताला पुढं झाले, तर साहेब मागं सरकले. आम्हाला वाटलं, छातीत काही दुखतंय की काय!

साहेबांनी शेरवानीच्या आतून फडक्यात गुंडाळलेली काचेची एक ट्यूब काढली. ऊब राहावी म्हणून वाटभर छातीशी बांधून आणलेली. चावडीवर गाव जमलं होतं. साहेब म्हणाले, "इसमें जंतू हैं."

गाव मागं सरलं.

"ये आप लोगों को खाना है!"

महबूबभाई माझ्या कानाशी लागला, "पंतजी, साब कू लू लगी. जल्दी बरफ मंगाओ!"

बरफ! सिरसाळ्याच्या बाजारात बरफ? मी कपाळाला हात लावला.

साहेबांनी मग शांतपणे समजावलं. हे जंतू चांगले. तापातून उठलेल्या माणसाला दूध पचत नाही, पण याच जंतूंचं विरजण लावून त्या दुधाचं पनीर केलं तर ते अंगी लागतं, कारण पचवायचं अर्धं काम जंतू आधीच करून ठेवतात. साहेबलोक अशा मुरवलेल्या पनीरला चीज म्हणतात. आपण ते शेळीच्या दुधाचं करू आणि रोग्यांना देऊ.

आबा पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हंजी रानात गडी लावल्यावानी झालं."

"बिलकुल!"

"अन् मजुरी काय घेत्यात?"

"दूध."

"परवडत्यात," आबा म्हणाले आणि सभा उठली.

\*

काम सुरू झालं. दूध घट्ट बसवायला बीडच्या जडीबुटीवाल्या अत्ताराकडून पनीरडोडी आणली. ते एका झुडपाचं फळ, त्यात जनावराचं काही नाही, त्यामुळे सोवळ्याची माणसंही निश्चिंत. साहेबांनी मावशीला शिकवलं, की दूध आधी तापवून कोमट करायचं, त्यात ट्यूबमधलं थोडंसं घालायचं आणि उबेला झाकून ठेवायचं. सोपं काम.

दुसऱ्या दिवशी बघतो तर दूध जसंच्या तसं! तिसऱ्या दिवशीही तेच. ट्यूबमधला माल संपत आलेला आणि साहेबांचा चेहरा उतरलेला. जंतू वाटेतच मेले असावेत असं त्यांना वाटलं. शेवटचे काही थेंब उरले तेव्हा ते स्वतः चुलीपाशी पाट घेऊन बसले. मावशीनं दूध कोमट केलं, देवाचं नाव घेऊन थेंब घातले, नीट ढवळलं, आणि भांडं उचलून पुन्हा चुलीवर ठेवलं. खाली चांगला जाळ सारला!

"मावशी! ये क्या करते?"

"आता कावून वरडता? तुमीच शिकीवलंय न्हवं, जंतू म्हनलं की उकळा! मी काय इसरले न्हाई!"

साहेबांनी हातानंच भांडं खाली ओढलं. बोटं भाजली, पण जंतू वाचले. त्या रात्रीचं दूध असं लागलं की सुरीनं कापावं. सकाळी साहेब भाजलेली बोटं फुंकत हसत होते आणि मावशी त्यांच्यावरच रागावलेली. "एकदा म्हनायचं मारा, एकदा म्हनायचं जगवा. मानसानं ऐकावं तरी कोनाचं!"

\*

पनीर मुरलं. खारट, जरासं आंबूस, वास असा की शेजारच्या खोलीत कळावं. रोगी खायला लागले. तेवढ्यात एकादशीला आबा पाटील दवाखान्यात हजर. आबांना हिवतापानं पार खाल्लं होतं आणि साहेबांनी त्यांना रोज पनीर सांगितलेलं.

"साहेब, तुमचे जंतू उपासाला चालत्यात का?"

कादरसाहेबांना घाम फुटला. मुसलमान माणसानं एकादशीचा निकाल द्यायचा! त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. मी आबांना म्हणालो, "नारायणगडाच्या महंतांना विचारून या." आबा म्हणाले, "तंवर एकादस उलटंल!" मग त्यांनी स्वतःच उलटतपासणी घेतली.

"त्ये सोता काय खात्यात?"

"सिर्फ दूध."

"भाकर?"

"नहीं."

"कांदा-लसूण?"

"कभी नहीं."

"आन् मटन?"

"तौबा तौबा!"

आबा उठले आणि पनीरच्या मडक्याला त्यांनी हात जोडले. "म्हंजी बिचारे जल्मापासून उपाशी हायत! माझ्यापक्षा सोवळे!" असं म्हणून दोन मोठे तुकडे खाल्ले आणि मिशी पुसत घरी गेले.

\*

आता साहेबांना पुरावा हवा होता. पनीर खाऊन माणसाचं वजन वाढतं, हे वर हैदराबादला दाखवायचं होतं. आबा पाटलांकडचा कापसाचा काटा आणून लिंबाच्या झाडाला टांगला. दर बाजाराच्या दिवशी रोगी एका पारड्यात बसायचे आणि दुसऱ्यात मी वजनं टाकायचो. वजन वाढलं की साहेब टाळ्या वाजवायचे. ते बघायला बायका पाणी भरायचं सोडून थांबायच्या.

सगळ्यात भरभर वाढला म्हादबा. म्हातारा तापातून उठलेला, हाडाचा सापळा, पण काटा बघावा तर दर खेपेला खाली! साहेबांना आकाश ठेंगणं. फक्त एक पंचाईत होती. आबांच्या काट्याची वजनं कमी पडायला लागली होती. मी महबूबवर संशय घेतला, महबूबनं माझ्यावर घेतला, आणि आमचं दोन दिवस बोलणं बंद.

शेवटी एकदा म्हादबाचा काटा इतका खाली गेला की साहेब धावत गेले आणि म्हाताऱ्याला कवेत घेऊन उचललं. खळ्ळ, खळ्ळ, धप्प! धोतरातून एकामागून एक लोखंडी वजनं खाली पडली!

म्हादबानं मान खाली घातली. "साहेब, तुमी लई खुश व्हता वो. मला बघवत न्हवतं तुमचं तोंड उतरलेलं."

साहेबांनी म्हाताऱ्याला हळूच पुन्हा पारड्यात बसवलं. यावेळी धोतर झटकून. आणि खरं सांगतो, वजनांशिवायही म्हादबा पहिल्यापेक्षा चांगलाच भरला! काट्याजवळ सगळ्यात आधी नाचला तो महबूब, आणि मग आमचं बोलणं सुरू झालं.

\*

या पनीरची बातमी हैदराबादला गेली. दवाखान्यांचे मोठे अधिकारी नाझिमसाहेब स्वतः येणार, त्यांच्या डोळ्यांदेखत दूध लावायचं, पनीर करायचं, असा निरोप आला. दवाखान्याला चुना लागला, बाकं धुतली. आदल्या दिवशी संध्याकाळी महबूबभाई बाह्या सरसावून साहेबांसमोर उभा राहिला आणि त्यानं सलाम ठोकला.

"साब, पूरा दवाखाना फिनेल से धोया. मटके भी धोये. एक जंतू नई छोड्या!"

विरजणाचं मडकंसुद्धा! ट्यूब तर केव्हाच संपलेली. साहेब बाकावर बसले आणि त्यांनी शेरवानीचं वरचं बटण काढलं. ते मी पहिल्यांदाच पाहिलं आणि हादरलो.

तेव्हा गंगामावशी पदराशी चाळा करत पुढं आली. सरकारी विरजण बाहेर कुणाला द्यायचं नाही, अशी साहेबांची सक्त ताकीद होती. "साहेब, रागवू नगा. शेजारनीला विरजण न्हाई कसं म्हनायचं? मी पाटलीणबाईला दिलं, त्यांनी आनखी कुनाला दिलं... आता गावात तुमचेच जंतू हायत."

रागावतात कसले! साहेब वाटी घेऊन स्वतः पळाले, मी मागं. पाटलांच्या दारात पोचलो तेव्हा पाटलीणबाई नुकताच दिवा लावून वळत होत्या.

"साहेब, जीव मागा. पन दिवे लागल्यावर विरजण घराभायेर देत न्हाईत. घरातली बरकत जाती."

दुसरं दार, तेच. तिसरं दार, तेच. म्हादबानं तर रडायचंच तेवढं बाकी ठेवलं, पण त्याच्या सुनेनं वाटी भरली नाही. हैदराबादचा एवढा मोठा डॉक्टर गल्लीच्या मधोमध रिकामी वाटी घेऊन उभा!

"पंत," ते म्हणाले, "इस गाँव में सूरज किसके हुक्म से डूबता है?"

वाट मावशीनंच काढली. विरजण बाहेर येत नाही ना, मग दूध आत जाऊ द्या! दवाखान्याच्या शेळ्यांचं दूध पाटलांच्या घरात गेलं, तिथंच विरजलं आणि सकाळ झाल्यावर मडकं वाजतगाजत दवाखान्यात आलं.

\*

नाझिमसाहेब आले. त्यांच्यासमोर दूध लागलं, बसलं, दाबलं गेलं. त्यांनी मुरलेलं पनीर चाखलं, पुन्हा चाखलं, आणि तिसऱ्यांदा चाखायला स्वतःच हात पुढं केला. म्हादबाला धोतर झटकून काट्यावर बसवलं तेव्हा तर ते मोठ्यानं हसले. आमच्या छात्या फुगल्या.

मग त्यांनी कादरसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. "कादर, सामान बाँधो. तुम और तुम्हारे जंतू, दोनों हैदराबाद चलेंगे. बड़े दवाखाने में. कल दोपहर को."

अधिकाऱ्याचा शब्द म्हणजे हुकूम. साहेबांनी मान झुकवली. त्यांच्या मनात काय आहे ते कळेना. ती रिकामी खुर्ची, माझ्यापुढे आलेली ती नाडी, सगळं डोळ्यांपुढे आलं आणि मला हुंदका फुटला. महबूब शेळ्यांच्या गोठ्यात जाऊन बसला. गंगामावशी तेवढी रडली नाही. चपला घालून ती पाटलांच्या घरी गेली, तिथून पलीकडच्या गल्लीत, आणि उशिरापर्यंत परतली नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर. टांगा दारात उभा, साहेबांची ट्रंक मागं बांधलेली. नाझिमसाहेबांनी रुमालानं मान पुसली आणि फर्मावलं, "वो विरजणवाला मटका लाओ."

मावशी दारात आडवी उभी राहिली.

"न्हाई देता येत, सरकार. दिवे लागले."

नाझिमसाहेबांनी वळून पाहिलं. दवाखान्याच्या उंबऱ्यावर पणती जळत होती. पाटलांच्या ओसरीवर समई. त्यापुढच्या दारात पणती, त्याही पुढच्या दारात पणती, पार वेशीपर्यंत! भर दुपारी, लखलखीत उन्हात, एकेका ज्योतीला पदराचा आडोसा धरून बायका उभ्या होत्या. म्हादबा तर पेटवलेला कंदील घेऊन थेट टांग्याच्या घोड्यासमोर उभा.

"ये सब क्या है?"

आबा पाटलांनी पागोटं सारखं केलं. "रीत हाय, सरकार. दिवे लागल्यावर विरजण गावाभायेर जात न्हाई. अन् ज्यानं लावलं त्यो बी न्हाई."

नाझिमसाहेबांनी सूर्याकडे बघितलं, पणत्यांकडे बघितलं आणि मग कादरसाहेबांकडे वळले. "कादर, तुम्हारी घड़ी में क्या बजा है?"

कादरसाहेबांनी खिशातून घड्याळ काढलं. उघडून पाहिलं. एकवार गल्लीभर नजर टाकली. घड्याळ मिटून परत खिशात ठेवलं.

"हुजूर," ते म्हणाले, "इधर शाम जरा जल्दी होती है."